कॅडेट तुकडीला दोन दिवस लष्करी तळावर नेताना: पहिल्या पत्रापासून परतीच्या हजेरीपर्यंत

शनिवारी सकाळी लष्करी तळावरच्या बऱ्याच विभागांना कुलूप असतं. वर्कशॉप बंद, कार्यालयं बंद, प्रशिक्षणाची मैदानं रिकामी. जे जवान आणि अधिकारी तुमच्या मुलांना काही दाखवायला येतात, ते बहुधा स्वतःची सुट्टी मोडून आलेले असतात. नव्या प्रशिक्षकांच्या कानावर मी सगळ्यात आधी हीच गोष्ट घालतो, कारण पत्रात काय मागायचं, वेळापत्रक किती भरायचं, मुलांनी तिथे कसं वागायचं, हे सगळं तिथून ठरत जातं. भारतातली एनसीसी असो, ब्रिटनमधले एअर कॅडेट्स असोत की अमेरिकेतलं सिव्हिल एअर पेट्रोल, या प्रत्येक कॅडेट संघटनेची नियमावली वेगळी आहे. तळ मात्र सगळीकडे सारखाच चालतो. त्याचं काम आधी, पाहुणे नंतर.

सुट्टीच्या दिवशी चालू काय असतं, ते आधी विचारा

पहिल्या बोलण्यातच बहुतेक गट रणगाडे, लढाऊ विमानं किंवा जहाज मागतात. मागायला हरकत नाही, पण त्याआधी साधा प्रश्न विचारा: शनिवार-रविवारी तुमच्याकडे कोणते विभाग ड्युटीवर असतात? अग्निशमन केंद्र, वैद्यकीय कक्ष, गार्डरूम, मेसचं स्वयंपाकघर, श्वानपथक असेल तर ते, हे सहसा सातही दिवस चालू असतात. मुलांच्या खऱ्या आठवणी इथेच तयार होतात असं माझं ठाम मत आहे. हँगरमधलं विमान दोरीच्या अलीकडून बघायचं असतं. अग्निशमन केंद्रात मात्र जवान मुलांच्या अंगावर जाड जॅकेट चढवतो, डोक्यावर हेल्मेट ठेवतो आणि पाण्याच्या दाबाने ताठ झालेला पाइप हातात देतो. दोघांनी घट्ट धरूनही तो मागे रेटतो, तेव्हा त्या कामाला किती अंगमेहनत लागते हे न सांगता कळतं.

जमत असेल तर भेट शुक्रवारी दुपारपासून ठेवा. शुक्रवारचे ते दोन-तीन तास तळ भरलेला असतो, आणि एरवी बंद असणारं वर्कशॉप किंवा पॅराशूट घडी करण्याचा विभाग तेवढ्यात बघून होतो.

यासोबत भेटीचा हेतू एका वाक्यात लिहून काढा. ‘लष्कराची ओळख’ हा हेतू फार मोघम आहे. ‘एक विमान आकाशात जायला जमिनीवर किती प्रकारची माणसं राबतात, हे मुलांना परत आल्यावर सांगता यावं’ असा असला तर काय बघायचं आणि काय सोडायचं हे आपोआप ठरतं. तळावरच्या अधिकाऱ्यालाही तुम्हाला नेमकं काय हवंय ते कळतं.

पत्र: कोणाला, कधी, कसं

तीन-चार महिने आधी सुरुवात करा. मुक्काम असेल तर त्याहून थोडं आधीच. ओळखीतल्या एखाद्या अधिकाऱ्याला फोन करून काम होईल असं वाटतं, आणि पहिला होकार मिळतोही. पण त्या अधिकाऱ्याची बदली झाली की तो होकार त्याच्याबरोबर जातो. तेव्हा विनंती तुमच्या कॅडेट संघटनेच्या वरच्या कार्यालयामार्फत लेखीच गेली पाहिजे. ओळखीचा उपयोग नेमकं पत्र कोणाच्या टेबलावर जायला हवं हे विचारण्यापुरता करावा.

पत्र एका पानाचं पुरे. त्यात इतकं असावं:

- गटाचं नाव, संघटनेतली नोंद आणि जबाबदार प्रमुखाचं नाव व फोन
- कॅडेट किती, वयोगट काय, मुलगे किती, मुली किती, सोबतचे मोठे किती
- हव्या असलेल्या तारखा आणि दोन पर्यायी तारखा
- भेटीचा हेतू, ते एकच वाक्य
- तळाकडून काय अपेक्षित आहे: झोपायची जागा, जेवण, आतल्या आत फिरायला वाहन, की फक्त मार्गदर्शन
- तुम्ही स्वतः काय आणणार आहात: प्रथमोपचार, विमा, अंथरूण-पांघरूण

मुलामुलींची संख्या वेगवेगळी लिहिणं बरेच जण विसरतात आणि मग झोपायच्या व्यवस्थेपाशी घोडं अडतं. दोन स्वतंत्र बरॅक किंवा स्वतंत्र मजले मिळत नसतील तर ते आठवडाभर आधी नव्हे, पहिल्या पत्रातच कळायला हवं.

होकार आला की दोन्ही बाजूंनी एकेक माणूस ठरवा. तळाकडून एक संपर्क अधिकारी, तुमच्याकडून एक प्रमुख. पालक, उपप्रमुख, बसवाले, सगळ्यांचे प्रश्न तुमच्या प्रमुखाकडे यावेत आणि तिथून एकाच फोनने पुढे जावेत. चार जणांनी चार वेळा विचारलं की संपर्क अधिकारी वैतागतो, आणि त्याचं वैतागणं रास्तच असतं.

यादी आणि फाटक

फाटकावरच्या पहाऱ्यातल्या जवानाच्या हातात तुमची यादी असते आणि समोर मुलाचं ओळखपत्र. तो दोन्हीकडची अक्षरं ताडून बघतो. यादीत घरी हाक मारायचं नाव आणि ओळखपत्रावर वडिलांच्या नावासकट तीन शब्द असतील तर तो थांबतो, आत फोन करतो, आणि मागे बसमध्ये सगळी तुकडी ताटकळते. त्याला मुलाची दया येते की नाही हा मुद्दाच नाही. नाव जुळलं नाही तर आत सोडायचं नाही, हे त्याचं काम आहे.

म्हणून नामावली करताना नाव पालकांना फोनवर विचारून लिहू नका. ओळखपत्राची प्रत समोर ठेवून अक्षर न् अक्षर उतरवा. जन्मतारीख, ओळखपत्राचा क्रमांक, नागरिकत्व आणि मोठ्यांचीही तीच माहिती त्यात असावी. बसचा क्रमांक आणि चालकाचं नावही घाला, कारण चालकालाही आत यायचं असतं. परदेशी नागरिकत्व असलेला कॅडेट असेल तर ते अगदी सुरुवातीला कळवा. अशा परवानगीला बहुतेक ठिकाणी जास्त वेळ लागतो, आणि फक्त तोच मुलगा मागे राहिला तर ते फार वाईट दिसतं.

यादीत पहिल्यापासून तीन-चार राखीव नावं घालून ठेवा. ऐनवेळी एखादं मूल तापाने पडतं, कुणाच्या घरी कार्य निघतं. राखीव नावांची तपासणी आधीच झालेली असली की बदली सोपी जाते. शेवटच्या तारखेनंतर मात्र कितीही आग्रह झाला तरी नवीन नाव घेऊ नका.

ही यादी म्हणजे अल्पवयीन मुलांची माहिती आहे. ती पालकांच्या गटावर टाकायची नाही, आणि आजारपणाची माहिती त्यात अजिबात लिहायची नाही. त्यासाठी वेगळे फॉर्म असतात.

सोबतचे मोठे

किती मोठे हवेत हे तुमच्या संघटनेच्या नियमात असतंच, पण माझा हिशेब असा आहे. समजा २४ कॅडेट आहेत आणि रात्री एकाला दवाखान्यात न्यावं लागलं. एकट्या मोठ्याने मुलाबरोबर जाऊ नये, म्हणून दोघे गेले. मागे राहिलेल्या २३ जणांसाठी दोघे तरी हवेत. म्हणजे चारपेक्षा कमी मोठे घेऊन निघूच नये. मुली असतील तर त्यातल्या किमान दोघी स्त्रिया असाव्यात, कारण एकीला दवाखान्यात जावं लागलं तरी मुलींच्या बरॅकजवळ कुणीतरी उरायला हवं.

काही गोष्टींत तडजोड नाही. कोणताही मोठा माणूस, मग तो आपला असो की तळावरचा, एका कॅडेटबरोबर बंद खोलीत एकटा नको. कॅडेट आणि जवान एका खोलीत झोपणार नाहीत. स्नानगृहाच्या वेळा वेगळ्या. हे संपर्क अधिकाऱ्याला संकोच न करता सांगा. असे प्रश्न विचारणाऱ्या प्रमुखावर तळावरच्या लोकांचा विश्वास वाढतो.

संमतीपत्र, औषधं, विमा

पालकांच्या संमतीपत्रात ‘सहलीला परवानगी आहे’ एवढंच लिहून भागत नाही. अडथळ्यांची शर्यत, फायरिंग रेंज, बोट, सिम्युलेटर, यातलं जे होणार असेल त्यातल्या प्रत्येकाला वेगळी संमती घ्या. विमा कंपनीलाही तीच यादी दाखवा. साध्या सहलीच्या विम्यात फायरिंग किंवा उड्डाण बसत नसण्याची शक्यता मोठी असते.

वैद्यकीय फॉर्ममध्ये दमा, ॲलर्जी, फिट येणं, मधुमेह, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया आणि औषधांच्या वेळा हव्यात. रात्री अंथरूण ओलं करणं, झोपेत चालणं हेही विचारा आणि ते फक्त एकाच मोठ्याला कळेल असं आश्वासन द्या. नाहीतर पालक लिहीत नाहीत. दम्याचा पंप मुलाच्या स्वतःच्या खिशात असावा. प्रथमोपचाराच्या पेटीत तो फक्त जास्तीचा ठेवायचा.

फायरिंग असेल तर कानांचं संरक्षण तळ देतोच, तरी आधी विचारून घ्या. रायफलच्या गोळीचा आवाज १४० डेसिबलच्या वर जातो, आणि दिवसभराच्या कामासाठी सुरक्षित मर्यादा ८५ डेसिबल धरतात. कानात बोळे आणि वर इयरमफ असं दोन्ही असलेलं बरं. हे बघत उभ्या असलेल्या मुलांनाही लागतं, फक्त गोळी झाडणाऱ्याला नव्हे.

फोन, घड्याळं, फोटो

मुलांना नुसतं ‘फोटो काढू नका’ म्हटलं की ती नाराज होतात. कारण सांगितलं की ऐकतात. नोव्हेंबर २०१७ मध्ये स्ट्रावा या व्यायामाच्या ॲपने जगभरातल्या वापरकर्त्यांच्या धावण्याच्या वाटा दाखवणारा नकाशा प्रसिद्ध केला. जानेवारी २०१८ मध्ये एका ऑस्ट्रेलियन विद्यार्थ्याने त्यातली गोम दाखवून दिली: ओसाड प्रदेशांतल्या काळ्या नकाशावर लष्करी तळांच्या आतले रस्ते चकाकत होते. कुणीही एकही फोटो काढला नव्हता, सैनिक फक्त व्यायाम करत होते आणि अंगावरची उपकरणं त्यांच्या वाटा नोंदवत होती. ही गोष्ट निघायच्या आधीच्या परेडला सांगा, म्हणजे स्मार्टवॉच घरी ठेवायला का सांगितलंय ते समजतं.

व्यवहारात असं करा. फाटकाच्या आधी फोन बंद करून नाव लिहिलेल्या पाकिटात जमा. कुठे फोटो काढायला परवानगी आहे ते संपर्क अधिकाऱ्याकडून लेखी घ्या आणि एकच फोटोग्राफर नेमा. फोटो संध्याकाळी अधिकाऱ्याला दाखवा, त्याने नको म्हटलेले तिथेच पुसा, आणि बाकीचेही तळ सोडल्यावरच पाठवा. नजर मुलांच्या चेहऱ्यांवर न ठेवता त्यांच्या मागे ठेवा. भिंतीवरचा नोटीस बोर्ड, उघडी स्क्रीन, जवानाच्या छातीवरची नावाची पट्टी, गाडीचा क्रमांक, कुंपणाचा कोपरा, असं काहीतरी मागे येतंच.

वेळापत्रक: हातचं राखून

तळावर अंतरं मोठी असतात. मेसपासून हँगरपर्यंत पायी पंधरा-वीस मिनिटं सहज जातात आणि प्रत्येक ठिकाणी हजेरी होते. दिवसाला चारपेक्षा जास्त ठिकाणं घेऊ नका. २४ मुलांचे आठ-आठचे तीन गट करा, प्रत्येक ठिकाणी ४५ मिनिटं, मध्ये २० मिनिटं जायला. आठच्या गटात शेवटच्या मुलालाही ऐकू येतं, प्रश्न विचारता येतो. चोवीस जणांच्या घोळक्यात पुढचे सहा शिकतात आणि मागचे एकमेकांना ढकलत बसतात.

साधारण आराखडा असा बसतो:

- शुक्रवार दुपार-संध्याकाळ: पोहोचणं, फाटकावरची तपासणी, सुरक्षेची माहिती, आगीच्या वेळी बाहेर पडायचा मार्ग प्रत्यक्ष चालून बघणं, एखादा विभाग, जेवण, लवकर झोप
- शनिवार सकाळ: तीन ठिकाणं, गट फिरते
- शनिवार दुपार: एकच मोठी गोष्ट, अडथळ्यांची शर्यत किंवा सिम्युलेटर
- शनिवार संध्याकाळ: ध्वज उतरवणं, जवानांशी गप्पा
- रविवार सकाळ: खोल्यांची सफाई, एक ठिकाण, निरोप, दुपारपर्यंत बाहेर

शनिवारी दुपारी मध्ये तासभर मोकळा ठेवा. तो कधीच वाया जात नाही. कुठेतरी उशीर झालेला असतो, कुणाचा बूट चावलेला असतो, किंवा एखादा हवालदार खुशीत येऊन ‘चला, अजून एक दाखवतो’ म्हणतो.

आता रद्द होण्याबद्दल. सुरक्षेची पातळी वाढली, सराव लागला, पाहणीसाठी कुणी वरिष्ठ आले, तर भेट आदल्या संध्याकाळीसुद्धा रद्द होते आणि कारण सांगितलं जातंच असं नाही. पालकांना पहिल्या बैठकीतच हे सांगा. बस ठरवताना रद्द केल्यास पैसे परत मिळतील अशी अट घाला. पर्यायी दोन दिवसांचा कार्यक्रम आधीच आखून ठेवा: नकाशावाचन, प्रथमोपचार, रात्रीची दिशाशोधन चाल. हा पर्याय चांगला असेल तर मुलं घरी बसत नाहीत आणि तुम्हालाही तळाकडे तक्रारीच्या सुरात बोलावं लागत नाही.

जिवाशी संबंधित नियम

मुलांना वीस नियम दिले तर एकही लक्षात राहत नाही. जिथे जाणार तिथले दोन-तीन सांगा, पण कारणासकट.

हवाई तळावर टोपी खिशात, खिशांची बटणं लावलेली, हातात कागद-वेष्टन काही नाही. २५ जुलै २००० रोजी पॅरिसहून उडालेलं कॉन्कॉर्ड विमान कोसळलं आणि ११३ माणसं गेली. आधीच्या विमानातून धावपट्टीवर पडलेली, अर्ध्या मीटरहूनही लहान धातूची पट्टी त्याच्या टायरखाली आली, टायर फुटला आणि त्याचा तुकडा पंखाखाली इंधनाच्या टाकीच्या जागी आदळला. हे ऐकल्यावर मुलं चॉकलेटचा कागद खिशाच्या तळाशी कोंबतात. परवानगी मिळाली तर त्यांना जवानांसोबत कचरा शोधायच्या फेरीत उभं करा: हातभर अंतरावर एका रेषेत, नजर जमिनीवर, सावकाश चालत. एखाद्या मुलाला एक स्क्रू सापडतो आणि तो दिवसभर तीच गोष्ट सांगत राहतो. फिरणारा पंखा दिसत नाही, म्हणून हेलिकॉप्टरकडे जायचं ते बोलावल्यावरच, पायलटला दिसेल असं समोरून. शेपटीच्या बाजूला कधीच नाही.

प्रशिक्षणाच्या मैदानावर जमिनीवरचं काहीही उचलायचं नाही. गोळीची रिकामी पुंगळी वाटली तरी नाही, आठवण म्हणून तर नाहीच. संशयास्पद काही दिसलं तर हात न लावता, आलो त्याच वाटेने मागे फिरायचं आणि सांगायचं. रेंजवर प्रत्येक शस्त्र भरलेलं आहे असं धरायचं, नळी लक्ष्याच्या दिशेने, सांगेपर्यंत बोट ट्रिगरबाहेर. ‘थांबा’ कुणीही म्हणू शकतं, सगळ्यात लहान कॅडेटसुद्धा, आणि ते ऐकताच सगळे थांबतात. जहाजावर उभ्या शिड्या उतरताना तोंड शिडीकडे ठेवायचं आणि दोन्ही हात मोकळे हवेत.

जवानांशी बोलणं

दोन दिवसांतला सगळ्यात मोलाचा तास हाच असतो, आणि बहुतेक आराखड्यांत तो ‘वेळ उरला तर’ या खात्यात पडतो. शनिवारी संध्याकाळी तो पक्का ठेवा. मंच नको, भाषण नको. पाच-सहा जवान, प्रत्येकाभोवती चार-पाच मुलं, वीस मिनिटांनी जागा बदल. आपल्या प्रशिक्षकांनी लांब बसावं. ते जवळ असले की तेच बोलत राहतात.

मुलांकडून आठवडाभर आधी प्रत्येकी तीन प्रश्न लिहून घ्या आणि वाचा. ‘तुम्ही कुणाला मारलंय का?’ हा प्रश्न येतोच. तो का विचारायचा नाही हे निघण्याआधी, शांतपणे, सगळ्यांसमोर सांगा: समोरच्या माणसाच्या मनात काय दडलंय ते आपल्याला माहीत नसतं. तुकडी कुठे जाणार, किती माणसं आहेत, यंत्र किती लांबचं पाहू शकतं, हेही नाही. मग विचारायचं काय? पहिल्या वर्षी सगळ्यात जड काय गेलं. वरिष्ठांचं पटलं नाही तर काय करता. घरी शेवटचे कधी गेला होतात. तुमचं काम चुकलं तर कुणाला त्रास होतो. या प्रश्नांवर जवान जरा विचार करून बोलतात, आणि मुलांना चकचकीत गणवेशामागचा माणूस दिसतो. घरापासून लांब राहणं, बदल्या, दुखापती हेही त्यांच्या कानावर पडू द्या. सैन्यात जायचं की नाही ते पुढे ठरवतील, पण अर्धं चित्र बघून नको.

रात्र आणि रीत

सगळ्यात लहान कॅडेट पहिल्या रात्री घरच्या आठवणीने रडतात. ते साहजिक आहे. त्यांचा पलंग ओळखीच्या मुलाशेजारी द्या आणि दिवे मालवल्यावर अर्धा तास एक मोठा दाराबाहेर जागा ठेवा. नवीन बूट घालून कुणी येऊ नये हे आधीच्या दोन परेडला बजावा. दुखऱ्या टाचेने शनिवारची दुपार जाते.

ध्वज उतरवताना सगळे जिथे असतील तिथे थांबतात, बोलणं बंद, ध्वजाकडे तोंड. सलामी कोणी, कधी, कशी करायची ते तुमच्या संघटनेचे आणि तळाचे नियम जुळवून एकदा ठरवा आणि एकदा सराव करा. मेसमध्ये स्वतःचं ताट स्वतः ठेवायचं आणि स्वयंपाकघरातल्या लोकांना आभार म्हणायचे. निघताना बरॅक आपण आलो तेव्हापेक्षा स्वच्छ.

परतताना

फाटकाबाहेर पडण्याआधी तीन मोजण्या: माणसं, प्रवेशाचे पास, तळाकडून घेतलेलं साहित्य. पास खिशात राहून घरी गेला की तो हरवलेला धरतात आणि त्याचा त्रास संपर्क अधिकाऱ्याला होतो. हजेरी बसमध्ये बसल्यावर नावाने घ्या, डोकी मोजून नव्हे. डोकी मोजताना चालक आणि मदतनीस हटकून मोजले जातात.

त्याच आठवड्यात मुलांशी अर्धा तास बसा. काय आवडलं याआधी काय कंटाळवाणं होतं ते विचारा. ते लिहून ठेवा, पुढच्या पत्राला उपयोगी पडतं. मग आभाराची पत्रं. प्रमुख अधिकाऱ्याला एक औपचारिक पत्र जाईलच, पण मुलांच्या हातची पत्रं त्या-त्या विभागाला पाठवा: अग्निशमन केंद्राला, मेसला, फाटकावरच्या पहाऱ्याला. प्रत्येक पत्रात एक नेमकी गोष्ट असावी, ‘तुम्ही पाइप मागून धरला नसता तर मी पडलो असतो’ अशी. पत्रांसोबत तुमच्या प्रमुखाची एक चिठ्ठी जोडा आणि तिच्यात पुढच्या वर्षासाठी सोयीच्या तारखा कधी विचारू, तेवढं विचारून घ्या.